वाचकांचे प्रश्न: कम्युनिटी कॉलेजातलं हॉटेल आणि पर्यटनाचं शिक्षण

या अंकासाठी निवडलेले प्रश्न अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांमधल्या (काउंटी किंवा राज्याच्या आधाराने चालणाऱ्या स्थानिक कॉलेजांमधल्या) दोन वर्षांच्या हॉस्पिटॅलिटी अँड टूरिझम मॅनेजमेंट अभ्यासक्रमाबद्दल आहेत. एक कॅनडाचा आणि एक रत्नागिरीचा प्रश्नही शेवटी घेतला आहे.

प्रश्न: मुलगा बारावी कॉमर्सला आहे. एजंट म्हणतो, अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा हॉटेलचा कोर्स करा. युनिव्हर्सिटीच्या निम्म्यापेक्षा कमी खर्च येतो, संध्याकाळी काम करून फी भागते आणि पुढे हॉटेलात नोकरी ठरलेली. यातलं किती खरं धरायचं? (एक पालक, सांगली)

उत्तर: खर्चाचं अर्धंमुर्धं खरं आहे. बाकीच्या दोन गोष्टींवर विसंबून कर्ज काढू नका.

या कॉलेजांमध्ये एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांची फी वेगवेगळी असते. त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा राज्यात राहणाऱ्यांना सर्वांत स्वस्त दर, परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना त्याच्या बऱ्याचदा तीन-चार पट. एजंट दाखवतो तो पहिला दर. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘नॉन-रेसिडेंट’ किंवा ‘इंटरनॅशनल’ अशी ओळ शोधा, तिथला प्रति क्रेडिट (अभ्यासक्रम मोजण्याचं एकक) दर घ्या आणि त्याला ६० ने गुणा. असोसिएट डिग्री, म्हणजे ही दोन वर्षांची पदवी, साधारण ६० क्रेडिटची असते. त्यात आरोग्य विमा, स्वयंपाकाच्या प्रयोगशाळेची फी, शेफ कोट, सुऱ्यांचा संच आणि न घसरणारे बूट धरा. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं, म्हणून घरभाडं आणि प्रवास वेगळा. विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज जो आय-२० फॉर्म देतं, त्यावर पहिल्या वर्षाचा एकूण खर्च छापलेला असतो आणि तेवढे पैसे हाताशी आहेत हे दाखवावं लागतं. निर्णय त्या आकड्यावर घ्या.

संध्याकाळी काम करून फी भागवण्याचा बेत तर पहिल्याच वर्षी मोडतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, तेही कॉलेजच्या आवारात. बाहेरच्या हॉटेलात रोख पैशांवर काम केलं तर व्हिसाचा दर्जा जातो, आणि तो परत मिळवणं फार अवघड असतं. एक शैक्षणिक वर्ष पुरं झाल्यावर सीपीटी या शिकतानाच्या कामाच्या परवानगीखाली इंटर्नशिप करता येते, मात्र ती अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना जी २४ महिन्यांची वाढ मिळते, ती हॉटेलच्या विषयाला नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने केली तर ओपीटीही हातची जाते. त्यानंतर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळवायचा तर त्या नोकरीला ठरावीक विषयातली बॅचलर पदवी लागतेच हे मालकाला सिद्ध करावं लागतं. फ्रंट ऑफिस सुपरवायझर किंवा रेस्टॉरंट मॅनेजरची जागा त्या व्याख्येत क्वचितच बसते. ‘ठरलेली नोकरी’ म्हणजे प्रत्यक्षात एका वर्षाचा अनुभव, एवढंच गृहीत धरा.

मग अर्थ कशात आहे? पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्यात. ऑरलँडोचं व्हॅलेन्शिया कॉलेज आणि तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचं रोझेन कॉलेज ऑफ हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट ही त्याची चांगली जोडी. दोन्ही संस्थांमध्ये ‘डायरेक्टकनेक्ट’ नावाची प्रवेशाची व्यवस्था आहे. न्यू जर्सीत २००७ च्या लॅम्पिट कायद्यामुळे राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजची ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. (असोसिएट इन सायन्स) डिग्री सरकारी विद्यापीठाला पहिली दोन वर्षं म्हणून धरावी लागते.

पण डिग्रीच्या नावातली अक्षरं नीट वाचा. ए.एस. डिग्री पुढच्या शिक्षणासाठी बांधलेली असते. ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) सरळ नोकरीसाठी असते, तिच्यात पाककलेची आणि सर्व्हिसची क्रेडिट जास्त असतात आणि विद्यापीठ त्यातली बरीच नाकारतं. दोन्ही अभ्यासक्रम एकाच कॉलेजात, जवळपास एकाच नावाने चालू असू शकतात. दुसरी चूक गणिताच्या विषयात होते. ‘हॉस्पिटॅलिटी मॅथ’ सोपं म्हणून घेतलं जातं आणि विद्यापीठ मात्र स्टॅटिस्टिक्स किंवा कॉलेज अल्जिब्रा मागतं. मग तो विषय तिसऱ्या वर्षी महागड्या दराने पुन्हा. म्हणून प्रवेशाआधी दोन कागद मिळवा: ज्या विद्यापीठात पुढे जायचं त्याच्याशी झालेला, या अभ्यासक्रमाचं नाव असलेला लेखी करार, आणि कुठला विषय कशाच्या बदल्यात धरला जाईल याचा तक्ता. ते दाखवता येत नसतील तर कॉलेज बदला.

आमचं मत स्पष्ट आहे. चारही वर्षांचा खर्च झेपणार नसेल तर केवळ दोन वर्षांसाठी मुलाला पाठवू नका. भारतात परतल्यावर असोसिएट डिग्री बॅचलर पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. बारावी कुठल्याही शाखेतून इंग्रजी विषयासह झालेल्या मुलाला एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा देता येते आणि दादरच्या आयएचएमसारखी (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) १९५४ पासूनची संस्था आपल्या दारात आहे. शिक्षणाच्या दर्जाबद्दल मात्र कम्युनिटी कॉलेजांना कमी लेखू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात हॉटेल-रेस्टॉरंटचा विषय १९३६ पासून शिकवला जातो.

प्रश्न: मी एच-४ वर (पतीच्या एच-१बी वर अवलंबून असलेला व्हिसा) एडिसनला राहते. मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. आहे. मुलं शाळेत गेल्यावर कॉलेजला जावं असं वाटतं, इव्हेंट आणि बँक्वेटमध्ये रस आहे. व्हिसा बदलावा लागेल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: शिकण्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. एफ-१ च्या मुलांना सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात; तुम्हाला ती अट नाही, एकेक विषय घेतला तरी चालतो.

फीच्या बाबतीत सावध राहा. एच-४ वर असलेल्या, काउंटीत वर्षभराहून जास्त राहिलेल्या व्यक्तीला पुष्कळ कॉलेजं स्थानिक दर देतात, पण काउंटरवर व्हिसाचं नाव ऐकताच ‘इंटरनॅशनल’ असा शिक्का बसतो. भाडेकरार, कर विवरणपत्र आणि ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन रेसिडेन्सीचा अर्ज आधी भरा, नावनोंदणी मग. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत एच-४ ला मिळत नाही, त्यामुळे त्या मदतीचा एफएएफएसए अर्ज भरण्यात वेळ घालवू नका.

बी.कॉम. वाया जात नाही. एनएसीईएस या संघटनेची सदस्य असलेल्या मूल्यमापन संस्थेकडून विषयवार अहवाल करून घ्या. नुसता ‘पदवी आहे’ असा सर्वसाधारण अहवाल क्रेडिटसाठी उपयोगाचा नाही. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, तेव्हा पहिलं काम तेच. अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ हे विषय बहुधा धरले जातात, इंग्रजी लेखनाचा विषय बहुधा नाही. किती क्रेडिट माफ झाली हे कळण्याआधी विषय घेतलात तर माफ होणाराच विषय पैसे देऊन पुन्हा शिकाल. डिग्रीसाठी साधारण पाव भाग, म्हणजे १५ च्या आसपास क्रेडिट, त्याच कॉलेजात करावी लागतात.

खरी अडचण इंटर्नशिपची आहे. या डिग्रीत बहुधा काही शे तास प्रत्यक्ष हॉटेलात काम करायचं असतं. ईएडी (काम करण्याचा परवाना) नसलेल्या एच-४ ला पगारी काम करता येत नाही आणि सीपीटी ही फक्त एफ-१ साठी आहे. ‘बिनपगारी करते’ म्हणून प्रश्न सुटत नाही. ज्या कामासाठी हॉटेल एरवी माणूस पगारावर ठेवतं, ते फुकट करणंही अनधिकृत काम ठरू शकतं. मार्ग तीन. पतीचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने भरलेला अर्ज) मंजूर असेल तर ईएडीसाठी अर्ज करा. ही सोय मे २०१५ पासून आहे. नसेल तर कॉलेजच्या स्वतःच्या प्रशिक्षण रेस्टॉरंटमध्ये ते तास भरून घेता येतील का, किंवा त्याऐवजी दुसरा विषय मिळेल का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तिसरा मार्ग एफ-१ वर जाण्याचा. त्यात महिने जातात आणि फीचा दरही बदलू शकतो, म्हणून तो शेवटचा.

तुमच्याकडे पदवी आहेच, तेव्हा पूर्ण असोसिएट डिग्रीऐवजी इव्हेंटचं छोटं प्रमाणपत्र आधी करावं, असं आम्ही सुचवू. एडिसन-आयसलिन पट्ट्यात भारतीय लग्नांचा व्यवसाय मोठा आहे. बँक्वेट इव्हेंट ऑर्डर म्हणतात तो कागद (पाहुण्यांचा हमी आकडा, टेबलांची मांडणी, मिनिटांप्रमाणे वेळापत्रक, बाहेरचा केटरर असेल तर किचन कुठल्या वेळात कोणाकडे) बिनचूक लिहिता येणाऱ्या माणसाची तिथे गरज असते. वरात तासभर लांबली तर जेवणाची वेळ, वाढप्यांचा ओव्हरटाइम आणि गरम अन्नाची मुदत हे तिन्ही कसं बदलतं, याची समज घरच्या लग्नांत राबलेल्या माणसाला पटकन येते.

प्रश्न: ऑरलँडोला पहिल्या वर्षाला आहे. फूड कॉस्टच्या चाचणीत एका पदार्थाची किंमत ११.६७ डॉलर काढली, उत्तर २०.८३ होतं. मासा ६ डॉलर पाउंड, पोर्शन ६ औंस, बाकी साहित्य १.२५ डॉलर, फूड कॉस्ट ३० टक्के, यील्ड ४५ टक्के. कुठे चुकलं? (एक विद्यार्थी)

उत्तर: तुम्ही बाजारातला मासा ताटात वाढलात. ६ डॉलर हा डोकं, काटे, खवले, पोटातली घाण या सगळ्यासकट अख्ख्या माशाचा भाव आहे. साफ केल्यावर १०० पाउंडातून ४५ पाउंड तुकडी हाती येते (हेच ४५ टक्के यील्ड), म्हणून खाण्यायोग्य पाउंडाचा भाव ६ भागिले ०.४५, म्हणजे १३.३३ डॉलर. ६ औंस म्हणजे ०.३७५ पाउंड, त्याचे ५ डॉलर. त्यात १.२५ मिळवले की ६.२५. फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या किमतीतला साहित्याचा वाटा, ३० टक्के, म्हणून ते ०.३० ने भागलं की २०.८३.

तुम्ही ६ ला सरळ ०.३७५ ने गुणून २.२५ घेतले आणि पुढची पायरी बरोबर केलीत. आता परिणाम बघा. ११.६७ ला विकलेल्या त्या ताटात ६.२५ डॉलरचं सामान आहे, म्हणजे फूड कॉस्ट ३० नव्हे, जवळजवळ ५४ टक्के. पगार आणि भाडं उरलेल्या ४६ टक्क्यांतूनच भागवावं लागणार.

यील्डने भागायचं की गुणायचं यात गोंधळ होत असेल तर एवढं तपासा: साफ केलेल्या मालाचा भाव बाजारभावापेक्षा कमी आला, तर गणित उलटं झालंय. आणि पुस्तकातल्या यील्डवर भिस्त ठेवू नका. प्रयोगशाळेत एकदा स्वतः वजन करा. सुरी बोथट असेल, हात नवा असेल, तर काट्याला मांस राहतं आणि ४५ चे ४० होतात. तेवढ्याने याच ताटाची किंमत २२.९२ डॉलरवर जाते. सुऱ्यांना धार लावायला पहिल्याच आठवड्यात शिकवतात त्यामागे पैशाचं हे कारण आहे.

महिन्याच्या फूड कॉस्टचं सूत्र वेगळं आहे, ते इथे मिसळू नका: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, भागिले विक्री. त्यात कर्मचाऱ्यांचं जेवण वजा करायला मुलं हमखास विसरतात.

प्रश्न: १२० खोल्यांचं हॉटेल. १४० डॉलरला ९० खोल्या जातात. दर ११५ केला तर १०८ जातील. हॉटेल जास्त भरलं तर तेच चांगलं ना? प्राध्यापकांनी चूक दिलं. (तोच विद्यार्थी)

उत्तर: प्राध्यापकांचं बरोबर आहे. आधी उत्पन्न १२,६०० डॉलर होतं, म्हणजे उपलब्ध खोलीमागे १०५. नंतर १२,४२०, म्हणजे १०३.५०. ऑक्युपन्सी (भरलेल्या खोल्यांचं प्रमाण) ७५ वरून ९० टक्के झाली तरी गल्ल्यात १८० डॉलर कमीच.

शिवाय १८ खोल्यांची साफसफाई, धुलाई आणि साबण-शाम्पू वाढला. खोलीमागे तो खर्च ३० डॉलर धरला तर आधी खोलीमागे ११० उरत होते, आता ८५ उरतात. पूर्वीइतकेच ९,९०० डॉलर उरायला ११७ खोल्या विकाव्या लागतील, १२० पैकी. सूट द्यायचीच तर ती पूर्ण दराने येणाऱ्या ९० पाहुण्यांच्या हाती लागू नये. म्हणून आगाऊ भरणा आणि परतावा नाही अशा अटीवर वेगळा दर ठेवतात.

प्रश्न: सॅनिटेशनच्या प्रॅक्टिकलला मोठ्या पातेल्यातला भात झाकून वॉक-इन (खोलीएवढ्या) फ्रीजमध्ये ठेवला आणि गुण गेले. फ्रीजमध्येच तर ठेवला होता! पुढे घरून डब्यांचा व्यवसाय करायचा आहे. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: फ्रीजची हवा थंड होती, भाताचा मध्य नव्हता. नियम दोन टप्प्यांचा आहे: १३५ अंश फॅरनहाइटवरून ७० वर पहिल्या दोन तासांत, तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. सेल्सिअसमध्ये हे साधारण ५७, २१ आणि ५ अंश. पहिला टप्पा कडक आहे, कारण १२५ ते ७० अंशांच्या दरम्यान जिवाणू सर्वांत वेगाने वाढतात. झाकलेल्या खोल पातेल्यात वाफ कोंडते, मधला भात तासन्तास कोमट राहतो आणि शेजारच्या दुधाचं तापमानही चढतं.

करायचं असं. भात उथळ स्टीलच्या ट्रेमध्ये पसरा, थर दोन इंचांहून जाड नको. झाकण लावू नका किंवा एक कोपरा उघडा ठेवा, आणि वरच्या फळीवर ठेवा म्हणजे वरून काही ठिबकणार नाही. वरण किंवा रस्सा असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. घड्याळ १३५ अंशांपासून मोजा आणि थर्मामीटर थराच्या मध्यात खुपसा, कडेला नाही. थर्मामीटर आधी बर्फाच्या लगद्यात ३२ दाखवतो का ते बघा. दोन तासांत ७० गाठलं नाही तर लगेच १६५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर टाकून द्या.

भाताबद्दल एवढा आग्रह का? तांदळात बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष फोडणी दिल्यावरही तसंच राहतं. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात गिऱ्हाइकाला कधीही देऊ नये.

सर्व्हसेफ मॅनेजरची अन्नसुरक्षेची परीक्षा हाच अभ्यास करून देता येते: ९० प्रश्न, दोन तास, प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. पण त्याने घरून पोळी-भाजीचे डबे विकायला परवानगी मिळत नाही. न्यू जर्सीत २०२१ पासून घरगुती खाद्यपदार्थांचा परवाना मिळतो, तो फ्रीजशिवाय टिकणाऱ्या पदार्थांपुरता. भाजी, वरण, भात यांसाठी परवानाधारक भाड्याचं किचन घ्यावं लागेल. आणि तुम्हीही एच-४ वर असाल तर वरच्या उत्तरातला ईएडीचा भाग वाचा. स्वतःचा व्यवसाय हेही कामच धरलं जातं.

प्रश्न: ओंटारिओत दोन वर्षांचा टूरिझम डिप्लोमा केला की तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: जुनी माहिती आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेज-डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना ते परमिट ठरावीक विषयांसाठीच मिळतं आणि पर्यटन-हॉटेल व्यवस्थापनाचा डिप्लोमा त्यांत बसत नाही. विद्यापीठाच्या बॅचलर पदवीला विषयाची ही अट नाही. कोणी अजून ‘मिळतं’ म्हणून पैसे मागत असेल तर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (विषयाच्या वर्गवारीचा क्रमांक) विचारा आणि कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः शोधा. त्या परमिटसाठी भाषेची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

प्रश्न: परदेशी जायचं नाही. घरच्या जागेत होम-स्टे सुरू करायचा आहे. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज असतं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: असतं. यूजीसीने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, त्यात नेहमीच्या कॉलेजांतच कौशल्याचे छोटे अभ्यासक्रम चालतात. त्याच्या जोडीची बी.व्होक. पदवी तुमच्यासारख्यांना सोयीची: एक वर्षाने थांबलात तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. जवळच्या कॉलेजात असा अभ्यासक्रम असेल तर माहितीपत्रकावर जाऊ नका, प्रत्यक्ष जाऊन सराव-किचन आणि सरावाची खोली बघा. गॅसच्या शेगड्या किती मुलांमागे किती, खोलीत पलंग आणि चादरी आहेत की नुसता फळा, मुलांना प्रशिक्षणासाठी कुठल्या हॉटेलांत पाठवतात, हे विचारा. घर सोडणं शक्य नसेल तर इग्नूतून पर्यटनाचा अभ्यास घरबसल्या होतो. त्यात स्वयंपाकघराचा सराव नसतो, तेवढा गणपतीपुळे-दापोलीकडच्या चालू होम-स्टेमध्ये एक हंगाम काम करून शिका, आणि तो एप्रिल-मेचा धरा.